जिनसेंगने दुखणं कमी होतं का?
फोंड्याच्या मावशीचे गुडघे जाम दुखतात, तिला कुणीतरी जिनसेंगच्या कॅप्सूल सुचवल्या, म्हणून मी जरा वाचत बसले.

जिनसेंग ही एक औषधी वनस्पती, तिच्या मुळांमध्ये जिन्सेनोसाइड नावाची सॅपोनिन (वनस्पतींतली फेस करणारी रसायनं) असतात, आरबी१, आरजी१, आरएफ वगैरे. उंदराच्या पंजात फॉर्मॅलिन हे झोंबणारं रसायन टोचलं की दुखणं दोन टप्प्यांत येतं, आधी काही मिनिटं नसांची थेट कळ आणि मग थोडं थांबून सुजेचं, मज्जारज्जूतून वाढत जाणारं दुखणं, तर या सॅपोनिनांनी दुसऱ्या टप्प्यातलं पंजा चाटणं (म्हणजे दुखण्याची खूण) जास्त कमी झालं. पण शेपटीला उष्णता देऊन बघायच्या टेस्टमध्ये फारसा फरक नाही! मला हेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं, म्हणजे मॉर्फिनसारखं सरसकट काम नाही. १९९५ मध्ये दिसलं की आरएफ उंदरांच्या संवेदी पेशींतले कॅल्शियम चॅनेल (पेशीत कॅल्शियम आत सोडणारी दारं) दाबतं, तेही ओपिऑइड रिसेप्टरला, म्हणजे मॉर्फिन जिथे काम करतं त्या जागेला, हात न लावता.

यातले बरेच डोस इंजेक्शनने दिलेले हां. गिळलं तर आतड्यातले बॅक्टेरिया आरबी१चं वेगळंच कंपाउंड करतात.

आणि मावशी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) घेते, अमेरिकन जिनसेंगने माणसांत त्याचा असर कमी झालेला दिसलाय, म्हणून तिला म्हटलं आधी डॉक्टरांना विचार, तोवर पाकीट फोडू नकोस.