आमची वाटचाल : देवबागची बोट आणि मागे उभी संघटना

मालवण तालुक्यातल्या आमच्या देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, शेजारच्या तारकर्लीकडे पर्यटक वळू लागले, तशी आम्हीही फायबरची बोट घेतली. खाडीची फेरी, संगम, सकाळी डॉल्फिन. आज सगळं घर याच व्यवसायात आहे.

बोट मिळते हो, कागद मिळत नाहीत. नोंदणी, सर्व्हे, विमा, तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा परवाना. एक जरी अडला तरी बोट किनाऱ्यावर. मे अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंदच असतं. त्यानंतर कागद वेळेत हातात आले नाहीत तर दिवाळी गेली, आणि आमचं वर्ष दिवाळी आणि मे महिन्यावर चालतं. एकट्याने खेटे घालून काही हलत नव्हतं. आम्हा बोटवाल्यांच्या संघटनेने सगळ्यांचे अर्ज आधी स्वतः तपासले, एकगठ्ठा दिले आणि बोटींची पाहणी गावातच एका दिवशी व्हावी, अशी मागणी लावून धरली. ती मान्य झाली. नदी-खाडीतल्या बोटींसाठीचा १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला, तेव्हाही त्यातली कलमं मराठीत समजावून सांगायला संघटनाच बसली.

खरी कसोटी २०२२ ची. २४ मे रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. सरसकट सगळंच बंद करा, असा सूर निघाला. आमच्या प्रतिनिधींनी बैठकीत सांगितलं, विनापरवाना बोटी आधी थांबवा, नियम पाळणाऱ्याचं पोट मारू नका. पण हे सांगायचा अधिकार मिळवावा लागतो. म्हणून आमच्यातच ठरलं : क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नाही, लाइफ जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय दोर सोडायचा नाही. लहान मुलांची जॅकेटं वेगळी ठेवतो. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली निसटतं. गर्दीच्या दिवशी यावरून पर्यटकांशी वाद होतात. होऊ देत.

वर्गणी कशाला, असं नवे व्यावसायिक विचारतात. त्यांना मी कर्लीच्या मुखाशी नेतो. तिथे वाळू साचलीय, ओहोटीला बोटीचा तळ घासतो. गाळ काढायचं निवेदन एकट्या बोटवाल्याच्या सहीने पुढे सरकत नाही. यंदाच्या निवेदनावर देवबाग, तारकर्ली आणि मालवण, तिन्हीकडच्या बोटवाल्यांच्या सह्या आहेत.