तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हा नकाशा उलटा छापलाय का?’

घरी येणारे बरेच जण विचारतात. भिंतीवर सतराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ योहानेस हेवेलियस याच्या तारानकाशातल्या मृगाच्या पानाची प्रत आहे. मृग चांगला वर आला की दक्षिणेकडे तोंड करून बघा: तांबूस काक्षी तारा वर डावीकडे, निळसर राजन्य तारा खाली उजवीकडे. या पानावर डावं-उजवं नेमकं उलट.

तांब्याच्या पत्र्यावर कोरताना गफलत झाली असेल, असं बहुतेकांना वाटतं. पण तसं असतं तर अक्षरंही उलटी उमटली असती. ती तर सरळ वाचता येतात.

हेवेलियसने हे जाणूनबुजून केलं. तारे एका प्रचंड गोलावर जडलेत असं मानायचं आणि त्या गोलाकडे बाहेरून पाहायचं, ही खगोलाच्या गोळ्याची रीत त्याने कागदावर आणली. बाहेरून पाहिलं की डावं-उजवं बदलतं. जर्मन चित्रकार ड्यूररचे १५१५चे छापील तारानकाशेही असेच बाहेरून पाहिलेले. योहान बायरने मात्र १६०३च्या ‘युरॅनोमेट्रिया’ या ॲटलासमध्ये आकाश जमिनीवरून दिसतं तसं मांडलं, पण तारकासमूहांच्या चित्रांतली बरीच माणसं पाठमोरी काढली. त्यामुळे प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने उजव्या खांद्यावर सांगितलेला तारा डाव्या खांद्यावर गेला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडला हे अजिबात पटलं नव्हतं, आणि त्याचं बरोबरच होतं. तारा कुठला हे वर्णनावरूनच ओळखायचं, तर डावं-उजवं बदलून कसं चालेल?

तरीही माझा जीव हेवेलियसवर. दुर्बिणी बाळगून असलेला हा माणूस ताऱ्यांच्या जागा नुसत्या डोळ्यांनीच मोजायचा. त्यावर शंका घेतल्या गेल्या, तेव्हा १६७९मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅली हेवेलियसच्या गावी, डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जाऊन त्याच्या शेजारी बसून मोजमापं घेऊन आला आणि ती चोख असल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी आगीत वेधशाळा जळाली. १६८७मध्ये हेवेलियस गेला. आज आपण ही पानं बघतोय ती त्याची पत्नी एलिझाबेथमुळे. ती त्याच्याबरोबर वेध घ्यायची, आणि १६९०चा हा ॲटलास तिनेच छापून आणला. तिचं नाव फार कमी लोक घेतात, याचं मला वाईट वाटतं. पोलंडचा राजा सोबिएस्की याच्या सन्मानार्थ हेवेलियसने आकाशात ठेवलेली ढाल आजच्या ८८ तारकासमूहांतही आहे.

गच्चीवर नेऊन तारे ओळखायचे असतील तर फ्लॅमस्टीडच्या १७२९च्या ॲटलासची प्रत घ्या. हेवेलियसचीच हवी असेल तर पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये आडवा उलटवा. तारे आपापल्या जागी येतात.