"सगळे मला हसतायत का?"

काल रात्री सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात मडगावच्या एका नवख्या बाईंनी हे लिहिलं आणि इथे फोंड्यात मला कसंतरीच झालं.

त्यांनी घेतलेला ड्रेस खोक्यात आला होता. खोका उघडायच्या आधीच 'घाला' दाबलं, तर खोकाच अवताराच्या, म्हणजे त्यांच्या पडद्यावरच्या रूपाच्या, हाताला चिकटला. २००३पासून चालू असलेल्या या जगात हे नवीन नाही. पण जुन्या मंडळींनी एकदम सूचनांचा भडिमार केला. एकाने तर न विचारताच टेलिपोर्ट, म्हणजे थेट दुसऱ्या जागी यायचं आमंत्रण, पाठवलं. बाई जागच्या जागी उभ्या.

मी खाजगी मेसेज केला, "खोक्यावर राइट क्लिक, मग डिटॅच. झालं की सांगा." आणि थांबले. 'टाइप करतायत' दिसायचं, नाहीसं व्हायचं. माझी बोटं पुढची पायरी लिहायला शिवशिवत होती, पण नाही लिहिली.

"गेला!!"

मग सँडबॉक्समध्ये, म्हणजे वस्तू मांडून बघायच्या मोकळ्या जागेत, जाऊन त्यांनी स्वतःच खोका जमिनीवर ठेवला, उघडला. मोरपंखी ड्रेस, छानच होता.

बटणं दाखवणारे पुष्कळ भेटतात तिथे. समोरच्याचा हात माउसवर पोचेपर्यंत वाट बघणारे फार कमी, आणि म्हणूनच कितीतरी लोक पहिल्याच दिवशी लॉगआउट होऊन परत येत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही नवख्यांना मदत करता तेव्हा पहिल्या दिवशी किती सांगता?