कुंडीतला वाफसा

आमच्या स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूस, मी सात-आठ वर्षांपूर्वी एक तक्ता चिकटवला होता. मृगात भेंडी आणि दोडका, आर्द्रात झेंडूची रोपे, हस्त सरला की मेथी-पालक, दसऱ्यानंतर गुलाबाची छाटणी, असे सारे त्यात नक्षत्रांनुसार मांडलेले होते. पुढे २०२३ साली मोसमी पाऊस पुण्यात पोहोचायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला आणि २०२५ साली तो २६ मे रोजीच, रोहिणी नक्षत्र लागून जेमतेम एक दिवस झालेला असताना, दारात येऊन उभा राहिला. दोन वर्षांत महिनाभराचा फरक पडू लागल्यावर बिचाऱ्या तक्त्याने तरी काय करावे? तो अजून तेथेच आहे, पण त्याच्या मोकळ्या जागेत आता इस्त्रीवाल्याचा हिशेब टिपला जातो.

आमची बाग म्हणजे कोथरूडमधील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची, घराला लागून असलेली गच्ची. पन्नास-साठ कुंड्या, आडवे कापलेले दोन निळे पिंप आणि पश्चिमेच्या कठड्याला बांधलेला बांबूचा मांडव, एवढाच तिचा विस्तार आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटात त्याच्या कितीतरी पट पडतो. मात्र सरासरीवरून तो कसा पडतो ते कळत नाही. आठवडाभर वेताळ टेकडीकडून येणारा वारा आणि अंगाला न लागणारी भुरभुर असते, मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात गच्चीची मोरी तुंबते आणि पुढचे दहा दिवस ऊन पडते. जमिनीतले झाड मूळ खाली नेऊन हे चढउतार निभावून नेते. कुंडीतल्या झाडाला मात्र सगळा पावसाळा आणि सगळा उन्हाळा दहा-बारा इंच मातीतच भोगावा लागतो, आणि मे महिन्यात फरशी तापली की त्या मातीला बाजूंनीही चटका बसतो.

त्या २०२५ च्या मे महिन्यात मी मिरची आणि वांग्याच्या रोपांचे तीन ट्रे तयार केले होते. पाऊस अवेळी सुरू झाला म्हणून ते पत्र्याखाली हलवले आणि आपण फार शहाणपणा केला, असे समजून निश्चिंत झाले. पावसाचा थेंब त्यांना लागला नाही, हे खरे. परंतु आठवडाभर आभाळ भरलेले असताना, हवेत इतका दमटपणा असताना, मी मात्र कडक उन्हाळ्याच्या सवयीने रोज सकाळी साडेसहाला झारी घेऊन त्यांना पाणी घालत राहिले. एका सकाळी पाहिले तर जवळजवळ सगळी रोपे आडवी पडली होती. पाने हिरवीगार होती, पण मातीच्या लगत देठ काळपट होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला होता. रोपवाटिकेतील माणसे याला ‘रोपं कोलमडली’ असे म्हणतात. सतत ओल्या राहिलेल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीचे ते काम असते. तीन ट्रेमधून मिरचीची चार रोपे वाचली. पावसाने त्यांचे काही बिघडवले नव्हते, ती मी मारली होती.

सासवडजवळ शेती करणाऱ्या मामाला मी फोन केला. पाऊस किती झाला, औषध कोणते मारले, असे काही त्याने विचारले नाही. “वाफसा होता का?” एवढेच त्याने विचारले. वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो रानात येतो, पेरणीच्या वेळी शेतकरी त्याची वाट पाहतात, अशीच माझी समजूत होती. कुंडीत कसला वाफसा, असे मी म्हणाले. त्यावर मामा म्हणाला, “अगं, कुंडीत घातली म्हणून माती बदलते होय? मूठ दाबून बघ की.”

तेव्हापासून मी मूठ दाबून पाहते. वरची माती बाजूला सारून चार बोटे खोलीवरची माती हातात घ्यायची आणि मूठ आवळायची. बोटांच्या फटींतून पाणी आले, तर झारीला हात लावायचा नाही. मूठ उघडताच माती भुसभुशीत पडली आणि तिचा गोळा झालाच नाही, तर ती तहानलेली आहे. गोळा झाला आणि अंगठ्याने नुसते टोचताच तो फुटला, तर तो वाफसा. मातीच्या कणांमधील मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून तेथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली असते. मुळांना दोन्ही लागतात, आणि मी आजवर त्यांना पाणीच तेवढे देत आले होते, याचा मला त्या दिवशी उलगडा झाला. पहिल्या महिन्यात माझ्या नखांची जी अवस्था झाली, तिच्याविषयी न बोललेले बरे.

मूठ दाबायला लागल्यावर गच्चीतील बरीच गुपिते बाहेर आली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्यांचा वरचा थर दुपारपर्यंत वाळून फिकट दिसतो आणि खाली मात्र चिखल असतो. अशा कुंड्यांना मी वर्षानुवर्षे केवळ रंग पाहून पाणी घालत होते. एका रोपवाटिकेने ‘तयार माती’ म्हणून दिलेली पोती म्हणजे नुसती बारीक लाल माती निघाली, जी दोन पावसांत विटेसारखी घट्ट बसली. आता मी लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घेते, कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळते आणि वर वाळलेल्या पाल्याचे दोन बोटे जाड आच्छादन घालते. पावसाळ्यात ते आच्छादन काढून टाकते, कुंड्यांखालच्या ताटल्या उचलते आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवते. याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला येणारी ओल कमी झाली आणि जिन्यात भेटल्यावर त्या पुन्हा माझ्याशी बोलू लागल्या.

दुसरा बदल पेरणीत केला. जे काही पेरायचे ते एकदम न पेरता तीन हप्त्यांत, दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरायचे. याचा सर्वांत जास्त उपयोग कोथिंबिरीला होतो. धणे फरशीवर पसरून लाटण्याने हलकेच रगडले की त्यांची दोन दले सुटी होतात. प्रत्येक दलात एक बी असते, म्हणजे एका धण्यातून दोन रोपे मिळू शकतात. फार जोर लावला तर मात्र मसाला होतो. रात्रभर भिजवून पेरलेले बी उगवायला आठ-दहा दिवस घेते आणि तेवढ्या अवधीत पुण्याची हवा दोनदा पालटू शकते. सप्टेंबरमधला पहिला हप्ता बहुधा मुसळधार सरीत वाहून जातो किंवा कुजतो, दुसरा ऑक्टोबरच्या उन्हात सापडतो आणि पाने धरण्याऐवजी झटकन फुलावर येतो, आणि तिसरा दिवाळीनंतर असा काही माजतो की शेजारी वाटावा लागतो. कधी नेमके उलटे होते. कोणता हप्ता साधेल हे मला आधी कळत नाही, म्हणूनच तीन लागतात. मेथीचेही असेच करते. पालक मात्र गुणी आहे. तो एकदा लागला की खुडत राहावे, त्याची फार काळजी वाहू नये. गवती चहा, पानांचा ओवा आणि कढीपत्ता यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण ती झाडे माझ्याकडे लक्षच देत नाहीत आणि तरी जगतात.

दोडक्याने मात्र मला पुरते खेळवले. मांडवभर वेल, शेकडो पिवळी फुले आणि दोडका एकही नाही, असा एक अख्खा श्रावण गेला. मागे इवलासा दोडका असलेली मादी फुले येत होती आणि तीन दिवसांत पिवळी पडून गळत होती. कारण कळायला एक संध्याकाळ मांडवाखाली बसावे लागले. घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे मात्र दिवस कलल्यावर, आमच्याकडे साधारण पाच-साडेपाचला उमलते. जोराची सर येण्याची वेळही पावसाळ्यात पुष्कळदा तीच असते. पाऊस परागकण धुऊन नेतो आणि भर पावसात तिसऱ्या मजल्यावर कीटकही फिरकत नाहीत. मग मी एका हातात छत्री धरून नर फूल खुडू लागले, त्याच्या पाकळ्या मागे मुडपून त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवू लागले. पहिल्या आठवड्यात अकरा फुलांवर हा प्रयोग केला, त्यातील सात धरली. दोडक्याच्या कोवळ्या शिरांची चटणी करताना मला त्या सातांचा विशेष अभिमान वाटला, हे कबूल करते.

पाऊस महिनाभर मागेपुढे सरकतो, थंडी कधी पडते कधी पडत नाही, पण रात्रीची लांबी कोणाला हलवता येत नाही. म्हणून शेवंती ही माझ्या मते गच्चीवरची सर्वांत भरवशाची कुळवाडीण आहे. दिवस लहान होऊन रात्र लांबू लागली की ती कळ्या धरते. हवेच्या लहरींकडे ती फारशी पाहत नाही. असे असूनही तीन वर्षांपूर्वी कठड्याजवळच्या चार कुंड्या नोव्हेंबर संपेपर्यंत नुसत्या पाला वाढवत राहिल्या आणि टाकीमागच्या कुंड्यांना मात्र फुलांचे घोस लागले. खत तेच होते, माती तीच होती आणि रोपेही एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली होती. एका रात्री दिवे गेले तेव्हा कुठे ध्यानात आले की कठड्यासमोरच रस्त्यावर नवा पांढराशुभ्र दिवा बसला आहे आणि त्या चार कुंड्यांची रात्रच होत नाही. त्या टाकीमागे हलवल्यावर डिसेंबरअखेर कळ्या दिसल्या. वर्षभर मी त्यांच्या मुळांशी शेणखत आणि कपाळाशी आठ्या घालत होते, त्यांना हवा होता तो फक्त अंधार.

थंडी हा तसा बागेचा सुखाचा काळ आहे. टोमॅटो धरतो, घेवडा धरतो, जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून आल्यावर आपल्याकडेही पिटुनिया हव्यात असे वाटते आणि त्या आणल्या जातात, ज्या मार्चमध्ये न चुकता मरतात. तापमान दहा अंशांच्या खाली उतरले तरी पुण्यात झाडे करपत नाहीत. खरा त्रास मधल्या ढगाळ दिवसांचा असतो. दोन दिवस आभाळ आले की घेवड्याच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चिकटतो, आणि कोरड्या दिवसांमागून दवाच्या रात्री आल्या की गुलाबावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, उतरते. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि दोन-चार थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारले की मावा आटोक्यात येतो. भुरीला मात्र रोगट पाने खुडून कुंड्यांमध्ये अंतर ठेवण्याचाच जास्त उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडायचे, जानेवारीत तो छाटून पाने काढायची आणि मग खत-पाणी सुरू करायचे, म्हणजे चैत्रात कळ्या येतात. एका वर्षी ही विश्रांती चालू असतानाच अवकाळी पाऊस झाला आणि मोगरा नुसता पानांनी भरला. आता त्या दिवसांत त्याच्या कुंड्या पत्र्याखाली असतात. रोपांच्या ट्रेसाठी चुकीची ठरलेली जागा मोगऱ्याला मानवली.

उरतो तो वळीव. एप्रिलमध्ये मी टोमॅटो आणि मिरचीवर हिरवी जाळी बांधते, कारण पारा अडतीसच्या पुढे गेला की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. एकदा दुपारी चारला पश्चिमेकडून काळे आभाळ आले, वाऱ्याने जाळी उचलून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर नेऊन टाकली आणि लगेच गारा सुरू झाल्या. दहा मिनिटांत टोमॅटो संपले. कोलमडलेल्या रोपांतून वाचलेल्या चार मिरच्यांपैकी एक अजून होती, तिचा खराटा झाला. मी ती उपटायला निघाले होते. मामा म्हणाला, पाणी घालू नकोस, पानेच नाहीत तर ती पिणार कशाने, वाफसा येईपर्यंत तशीच राहू दे. सहाव्या दिवशी मूठ दाबली तेव्हा गोळा फुटला, म्हणून तांब्याभर पाणी दिले. तिसऱ्या आठवड्यात पेऱ्यांतून पोपटी फूट निघाली. त्या झाडाला मिरच्या थोड्या आखूड येतात, पण येतात, आणि त्यांतल्या पावभर यंदा खालच्या काकूंच्या लोणच्यात गेल्या.