रविवारचा बाक

सोमवार ते शनिवार तो बाक माझा नसतो. सतरा-अठरा वर्षांच्या कुठल्या तरी पोराचा असतो. त्याने करकटकाने त्यावर बदाम कोरलाय, आरपार बाणासकट. बदामात एक अक्षर मराठी आणि एक कानडी. (सीमाप्रश्न असा परस्पर मिटवलेला मी अजून दुसरीकडे कुठे पाहिला नाही.) रविवारी सकाळी दहा ते एक मात्र तो बाक माझा. वय 44, पोट जरा सुटलेलं, त्यामुळे आत शिरताना श्वास ओढून घ्यावा लागतो.

मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा विद्यार्थी आहे. आईला हे नाव नीट ऐकू येत नाही. ती शेजारणीला सांगते, "आमचा थोरला दर आयतवारी इंगळीत जातोय." शेजारीण पहिल्यांदा घाबरली होती.

तसं बेळगावात विद्यापीठांना तोटा नाही. खानापूर रोडवर मच्छेला 1998 सालचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, हायवेवर भूतरामनहट्टीला 2010 सालचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. वडिलांच्या पिढीची डिग्री धारवाडची. या सगळ्यांकडे बोट दाखवून म्हणता येतं, ते बघा माझं विद्यापीठ. माझ्याकडे बोट दाखवायला काही नाही. 1985 साली संसदेच्या कायद्याने दिल्लीत जन्मलेलं हे विद्यापीठ टिळकवाडीतल्या एका कॉलेजात रविवारपुरतं उतरतं, लग्नाचं वऱ्हाड शाळेत उतरावं तसं. खडू, पंखे, माठातलं पाणी, सगळं यजमानांचं. फळ्यावर शनिवारचं इंटिग्रेशन तसंच असतं आणि शिपाईमामा ते पुसू देत नाहीत. "सोमवारी लागतंय ते सरांस्नी. खाली जागा हाय की, तितं लिवा." त्यामुळे आमचा अशोक, त्याचे शिलालेख आणि कलिंग हे सगळं फळ्याच्या तळाशी, दीड वितीत मावतं. मागच्या बाकावरच्यांना उभं राहून वाचावं लागतं.

मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 सालचं. पण त्याची केंद्रं शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. आम्ही अलीकडचे. तेव्हा इंग्रजी की हिंदी, असा प्रश्न आला आणि मी हिंदीवर टिक केली. लिपी तीच, शब्द ओळखीचे, म्हटलं काय अवघड जाणार? इथेच फसलो. परक्या शब्दांचं एक बरं असतं, ते परके आहेत हे दिसतं तरी. ओळखीचा चेहरा घालून आलेल्यांचं काय करायचं? पहिल्याच दिवशी माहितीपुस्तिकेत 'दूरस्थ शिक्षा' वाचलं आणि वाटलं, चला, निदान खरं तरी बोलतात. 'राजा ने सुधार की चेष्टा की' हे वाचून त्या राजाबद्दल माझं मत दोन दिवस वाईट होतं. 'यातायात' म्हणजे नुसती वाहतूक, हे तर मला अजूनही पटलेलं नाही. पावसाळ्यात खडेबाजारातून स्कूटर काढून दाखवा, मग बोलू. आणि मौर्यांच्या दंडनीतीवरच्या उत्तरात मी बिनधास्त लिहून दिलं, 'चोर को कड़ी शिक्षा दी जाती थी.' तपासणाऱ्यांनी 'शिक्षा'खाली लाल रेघ ओढून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. बरोबरच आहे. चंद्रगुप्ताने चोरांसाठी शाळा काढल्याचा पुरावा कुठे आहे?

हे गृहपाठ हाताने लिहायचे असतात. 30 टक्के गुण त्यांना, 70 टक्के जूनच्या नाहीतर डिसेंबरच्या परीक्षेला. मी पतसंस्थेत पिग्मीचं व्याज काढतो, म्हणजे दिवसभर बोटं की-बोर्डवर. वीस वर्षांनी सलग आठ पानं लिहिली तेव्हा अंगठा असा दुखला की बायकोने हळद लावून दिली. लेक समोर बसून तिचा अभ्यास करत होती. म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर पुढं पुढं झोपत जातंय."

हिशेबाची सवय, म्हणून तोही करून बघितला. एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास, सहा क्रेडिटचा एक विषय म्हणजे 180 तास. जेवण झाल्यावर रोज पाऊण तास धरला तर 240 दिवस. एका विषयाला. तीन वर्षांचा बी. ए. सहा वर्षांपर्यंत ओढायची मुभा का दिली असेल ते तेव्हा कळलं. आमच्याकडे कर्जाची मुदत वाढवून देतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे जामीनदार लागत नाही.

वर्गात येतात कोण? डोक्याच्या कटवरून लगेच ओळखू येणारे मराठा सेंटरचे दोन जवान, एका बाकावर, ताठ. वडगावची एक काकू, घरात चार माग. ती म्हणते की इथली शांतता तिला पहिल्या दिवशी सोसेना, मागांच्या खडखडाटाशिवाय झोप येत नाही तर अभ्यास कुठला होणार. गोकाककडचा एक कानडी मास्तर, जो मला कानडीत शंका विचारतो, मी मराठीत उत्तर देतो आणि दोघं मिळून हिंदीत चुकतो.

आणि माझ्या बाकावर उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला मोल्डर. शनिवारी रात्रपाळी करून थेट येतो. कितीही साबण लावला तरी काळी वाळू नखांतून जात नाही म्हणतो. त्याचं पुस्तक मिटलेलं असलं तरी कुठवर वाचून झालंय ते कडेवरून दिसतं. तिथवर कागद करडा, पुढे पांढरा. गेल्या रविवारी मी हळूच माझ्या पुस्तकाची कड पाहिली. पांढरीशुभ्र होती. लगेच बॅगेत घातली.

कॉलेजचे कट्टे आम्हाला नाहीत, गॅदरिंग नाही, हजेरीची सक्तीसुद्धा नाही, म्हणजे दांडी मारायची मजाही गेली. आहे तो चहाचा गाडा. चहावाला माझा शाळूसोबती. दर रविवारी कप पुढे करत तोच प्रश्न, "काय मास्तर, अजून शिकूलाईस?" मी हो म्हणतो. तो चहात आलं जास्त घालतो. पैसे मात्र सोडत नाही.

एक वाजता शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात येतात. बदामावर मोल्डरच्या पुस्तकातून पडलेली थोडी काळी वाळू असते, ती मी रुमालाने झटकतो. सोमवारच्या पोराची पँट कशाला खराब करा.

परवा मोल्डरला स्कूटरवर मागे घेतलं आणि सेकंड गेटला अडकलो. गेट पडलेलं, दोन्हीकडून गाड्या दाटलेल्या, हॉर्न. मागे काही हालचाल जाणवेना म्हणून मान वळवली, तर हा माझ्या पाठीला पुस्तक टेकवून वाचत होता. म्हणाला, "हलू नका की ओ जरा."

मालगाडी लांबलचक होती. त्याचं दीड पान झालं.