आमच्या वाचनालयाची रिद्धपूरची गाडी

मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’, म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात लिहिला गेला. शाळेत असताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. अमरावतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे रिद्धपूर. सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता येईल एवढंच अंतर, तरी आमच्या गावातून महानुभाव पंथाची दोन-तीन घरं सोडली तर तिथं कोणी गेलेलं नव्हतं. 2024 साली तिथं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि वाचनालयाच्या बैठकीत बाया विचारू लागल्या की एवढं काय आहे तिथं. तेव्हा ठरवलं, की जाऊन पाहायचं, आणि माहीतगार माणूस सोबत घेऊनच जायचं.

माहीतगार माणसाचा आग्रह माझा होता, आणि तो का धरला ते पुढं सांगते.

आधी गाडीचं. एसटी अशा सहलींना ‘प्रासंगिक करारा’वर गाडी देते. आगारात अर्ज करायचा, तारीख, निघायची वेळ, कुठं कुठं थांबणार ते लिहून द्यायचं. भाडं किलोमीटरवर ठरतं, गाडी उभी ठेवावी लागली की खोळंबा आकार वेगळा लागतो, आणि पैसे आधी भरावे लागतात. म्हणून नावं पक्की झाल्याशिवाय अर्ज करू नये. आम्ही बचत गटातून नावं घेतली आणि वर्गणी आधी जमवली. तारीख निवडताना फार विचार करावा लागला, कारण सोयाबीन घरात यायला हवं आणि कपाशीची वेचणी अंगावर यायच्या आत परत मोकळं व्हायला हवं. मधे जो थोडा उसंतीचा काळ मिळतो तो धरला. सासूबाई, शेजारच्या काकू, त्यांच्या सुना, दहावीतल्या दोन पोरी, आणि मागच्या बाकावर पुरुष मंडळी, अशी गाडी भरली.

सोबत आले तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले सर. त्यांनी एक अट घातली. प्रत्येक बाईनं एक कागद वाचायचा, आणि तोही त्या त्या जागी उभं राहून. लीळाचरित्रातला आणि चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्रातला एकेक छोटा उतारा त्यांनी मोठ्या अक्षरात उतरवून आणला होता, वर जुनी मराठी, खाली आजची. निघायच्या आधल्या रविवारी ते कागद वाचनालयात वाटले. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नातीनं वाचून दाखवायचं. सासूबाईंच्या वाट्याला आलेला उतारा आमच्या पोरीनं त्यांना इतक्यांदा वाचून दाखवला, की त्यांना तो तोंडपाठच झाला.

बडनेऱ्यापर्यंत डबे, पाण्याच्या बाटल्या, कोण कुठं बसलं यातच वेळ गेला. अमरावतीच्या स्टँडवर मुद्दाम थांबलो. बायांची सहल असली की ही थांबायची जागा आधी ठरवलेली बरी, नाहीतर बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग गाडी मोर्शी रस्त्याला लागली. माहुली जहागीरपासून पुढं संत्र्याच्या बागा दिसू लागल्या. आंबिया बहाराची फळं रंगात आलेली, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. आमच्याकडं कोरडवाहू सोयाबीन-तूर, त्यामुळं बायांच्या नजरा खिडकीबाहेर. सरांनी बागा मागं पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग छोटा भोंगा हातात घेऊन उभे राहिले.

त्यांनी आधी काळ सांगितला. देवगिरीवर यादवांचं राज्य. ज्ञानेश्वरी झाली 1290 साली, तिच्या आधी दहाएक वर्षं, 1278च्या सुमारास लीळाचरित्राचं काम चाललं होतं. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचचे. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघाले आणि वाटेत रिद्धपुरात त्यांना गोविंदप्रभू भेटले. हे गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राउळ. जवळच्या काटसुऱ्याचे. लहानपणीच आईवडील गेले, मावशी आणि मामानं रिद्धपूरला आणून वाढवलं. लोकांना वेड्यासारखं वाटावं असं त्यांचं वागणं. पोरांत खेळायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, महार-मांगांच्या वस्तीतही जायचे. गाव त्यांना म्हणायचं, ‘राउळ माय, राउळ बाप’. त्यांनी आपल्या हातातले शेंगुळे प्रसाद म्हणून चक्रधरांना दिले, तिथून चक्रधरांचं सगळं बदललं.

“शेंगुळे म्हंजे आपण करतो तेच का जी?” मागून काकूंनी विचारलं.

सर म्हणाले, तसंच काहीसं खाणं असावं, पण तेव्हाचं नेमकं कसं ते सांगता यायचं नाही. मला हे फार आवडलं. जिथं खात्री आहे तिथं ते ठामपणे सांगत, जिथं नाही तिथं तसं म्हणत. दिवसभर त्यांच्यावर विश्वास बसला तो यामुळं.

मुख्य रस्ता सोडून आत वळलो. विद्यापीठाची पाटी दिसली तशी पोरींनी फोन बाहेर काढले. गाव मात्र वऱ्हाडातल्या कुठल्याही गावासारखंच दिसतं. पानटपरी, कापसाची गाडी, उन्हात वाळत घातलेलं धान्य, अरुंद गल्ल्या. फरक एवढाच, की काळ्या वस्त्रांतले साधू आणि साध्वी जागोजाग दिसतात आणि समोरून येणारा माणूस ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. महानुभावांची ही काशी. आम्हीही तसंच म्हणू लागलो.

आता माहीतगार माणूस का हवा, ते. रिद्धपुरात उंच शिखर, कोरीव खांब, मोठा गाभारा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. इथं ‘स्थानं’ आहेत. गोविंदप्रभू किंवा चक्रधरस्वामी जिथं बसले, जिथं निजले, जिथं जेवले, तिथं ओटा बांधलेला आहे आणि त्याला नमस्कार करायचा. पंथाच्या ‘स्थानपोथी’त अशा जागांची वर्णनं लिहून ठेवलेली आहेत, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला काय होतं तेसुद्धा. पहिल्या दोन ओट्यांपाशीच आमच्या एका वहिनींनी हळूच म्हटलं, “इथं त निरे ओटेच दिसते वं बाई.” खरंच होतं ते. सांगणारा नसेल तर माणूस तासाभरात परत गाडीत येऊन बसेल.

पण तिसऱ्या जागी एका पोरीनं आपला कागद उघडला आणि वाचायला लागली, तशा सगळ्या गप्प झाल्या. जुनी मराठी कानाला अडते, असं मला वाटायचं. इथं उलट झालं. ‘मग’, ‘तयातें’, ‘ऐसें’ हे शब्द म्हाताऱ्यांना पोरींपेक्षा आधी कळत होते. क्रियापदं छोटी, वाक्यं छोटी, कोण कुठं उभं होतं, हातात काय होतं, कोण काय बोललं. ओवी नाही, अलंकार नाही. ओसरीवर बसून कुणी आठवण सांगावी तसं ते गद्य आहे. ओट्यासमोर उभं राहून ऐकलं की त्या ओट्यावर माणूस दिसायला लागतो. मग बायाच विचारू लागल्या, पुढचा कागद कुणाकडं आहे?

राजमठात दर्शन घेतलं. तिथल्या एका बाबांनी सरांच्या सांगण्यात स्वतःहून भर घातली, आणि श्रद्धेचं सांगणं नि अभ्यासाचं सांगणं दोन्ही एकाच वेळी ऐकायला मिळालं. दोघं एकमेकांना आदरानं वाव देत होते.

वाजेश्वरी या स्थानी आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथं लिहिलं असं मानतात. म्हाइंभट काही इथले नव्हेत. गोदावरीकाठच्या सराळ्याचे मोठे पंडित, चक्रधरांशी वाद घालायला म्हणून डोमेग्रामला गेले आणि त्यांचे होऊन राहिले. 1274च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडं निघून गेले. पोरकी झालेली शिष्यमंडळी रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेला राहिली, त्यांत नागदेवाचार्य प्रमुख. नागदेव एकटे बसून स्वामींच्या आठवणी मनात घोळवत. म्हाइंभटांच्या मनात आलं, या आठवणी जाणत्यांबरोबर संपून जातील, लिहून काढायला हव्यात. आधी नागदेवांकडून ऐकलं. मग ज्या लीळेच्या, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगाच्या, वेळी जो हजर होता, त्याला गाठून विचारलं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरकही पुढच्या पोथ्यांत नोंदलेला सापडतो, अमक्याचा पाठ असा, तमकीचा तसा.

सातशे वर्षांपूर्वी, वऱ्हाडातल्या एका गावात, ही शिस्त! मी तिथंच वहीत लिहून घेतलं. सर पुढं सांगत होते. मूळ प्रत खलजीच्या फौजेच्या धामधुमीत गेली, मग शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. पुढं पंथानं पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, त्यामुळं बाहेरच्यांना शतकानुशतकं त्या वाचताच आल्या नाहीत. विसाव्या शतकात अभ्यासकांना त्या लिप्या उलगडल्या आणि मराठीला आपलं हे जुनं धन दिसलं. त्यात आपल्या विदर्भाचे डॉ. वि. भि. कोलते. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, शेतकऱ्याच्या घरचे, पुढं नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र 1978 साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापलं. आमच्या वाचनालयाच्या कपाटात ती प्रत आहे, आणि यादीत तिच्यासमोर वर्षानुवर्षं कुणाचं नाव नव्हतं.

जेवण एका आश्रमाच्या ओसरीवर झालं. पोळ्या, झुणका, मिरचीचा ठेचा, दही, आणि वाटेत घेतलेले संत्रे. थोडं आडवं व्हावं म्हणणाऱ्या बायाही सरांनी ‘आता महदाइसा’ म्हटल्यावर उठून बसल्या.

महदाइसा म्हणजे महदंबा, मराठीतली आद्य कवयित्री. ती काही ना काही विचारतच असायची, म्हणून चक्रधर तिला चर्चक म्हणत, जिज्ञासक म्हणत. रिद्धपुरात गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची हौस आली. भक्तांनी तेही हौसेनं मांडलं. लग्न म्हटलं की धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, हवीत, मग महदाइसेनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. आणि रुक्मिणी तर आमच्या कौंडण्यपूरची, वर्धा नदीकाठची! बायांना हे सांगावं लागलं नाही. धवळ्यांचा कागद माझ्याकडं होता. मी चार ओळी वाचल्या तोवर सासूबाईंनी हळदीचं एक गाणं सुरू केलं, त्यात रुखमाईचं नाव येतं. काकूंनी पुढची ओळ उचलली, आणि ओसरीवर टाळ्यांचा ताल धरला गेला. आश्रमातल्या दोन साध्वी दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. सरांनी आपला कागद खाली ठेवला आणि सासूबाईंना विचारलं, हे गाणं तुम्ही कुणाकडून शिकलात? त्या म्हणाल्या, “मायी आजी म्हणे. तिले कोनं शिकवलं काय मालूम.”

नागदेवांचं एक सांगणं सरांनी तेव्हाच सांगितलं. शिष्यांपैकी केशिराज संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या नागवल्या जातील, असा त्यांचा भाव. मी सासूबाईंकडं पाहिलं. शाळेत न गेलेल्या माझ्या सासूबाई सकाळपासून तेराव्या शतकातलं गद्य पाठ म्हणून दाखवत होत्या. ज्यांच्यासाठी ते मराठीत ठेवलं, त्या याच.

परतीचा प्रवास शांत झाला. थकलेल्या बाया पेंगत होत्या, पोरी सरांना प्रश्न विचारत होत्या. विद्यापीठात प्रवेशाला काय लागतं, जुन्या लिप्या शिकवतात का. बडनेऱ्याला चहा घेतला आणि गावात पोचलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की उतारे आधी वाचून घ्या. एका दिवसात सगळी स्थानं करायचा हट्ट धरू नका, चार-पाच जागी नीट बसा. म्हाताऱ्या माणसांना गल्ल्यांतून चालावं लागतं, तेव्हा काठी आणि पाणी जवळ असू द्या. आणि बायांची सहल असेल तर गाणाऱ्या बायांना पुढच्या बाकावर बसवा.

कोलत्यांची प्रत आता कपाटात नसते. शनिवारी दुपारी वाचनालयात आम्ही ती मोठ्यानं वाचतो, एका बैठकीला दोन-तीन लीळा. पोरींनी एक जाड वही केली आहे. गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकायचं आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून उतरवायचं. पहिली नोंद मारुतीच्या देवळामागच्या विहिरीची आहे. सासूबाई सांगतात, ती दुष्काळात गावानं मिळून खणली. काकू सांगतात, ती एका विधवेनं आपले दागिने विकून खणवली. पोरी विचारायला आल्या, यातलं कोणतं लिहू? मी सांगितलं, दोन्ही लिहा, आणि प्रत्येकासमोर सांगणारीचं नाव.