एडिंबरातील गुरुवारचा चहा आणि ‘स्मृतिचित्रे’

ज्या शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला कादंबरीचे नाव आहे, तेथे पुस्तकांविषयी बोलणे सोपे असेल, असा माझा समज होता. एडिंबराच्या वेव्हर्ली स्थानकाचे नाव वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून पडले आहे, बाहेर येताच त्याचे सुमारे ६१ मीटर उंचीचे स्मारक दिसते, आणि युनेस्कोने २००४ साली जगातील पहिले साहित्यनगर म्हणून याच शहराची निवड केली. तीन वर्षांपूर्वी मी येथील एका लहानशा साहित्यसंस्थेत रुजू झाले, तेव्हा मात्र पहिल्याच गुरुवारी माझी बोलती बंद झाली.

आमच्याकडे गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती चहाला जमतात आणि एकेकजण एक पुस्तक सुचवतो. कामासाठी वाचावे लागलेले पुस्तक चालत नाही, आणि पुस्तक थोर आहे एवढे म्हणून भागत नाही. ते टेबलावरच्या नेमक्या कोणाला द्यावेसे वाटते आणि का, हे सांगावे लागते. हे ठाऊक नसल्याने मी पहिल्या दिवशी मराठी कादंबरीच्या वाटचालीवर दहा मिनिटे व्याख्यान दिले. सर्वांनी अदबीने ऐकून घेतले आणि शेवटी एकाने विचारले, “यातले आम्हाला वाचता येईल असे कोणते?” पुण्यात पुस्तकांवर तासन् तास वाद घालताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

प्रश्न अवघड अशासाठी, की मला जी पुस्तके द्यावीशी वाटतात त्यांतली बरीचशी इंग्रजीत आलेलीच नाहीत, आणि जी आली आहेत ती भारताबाहेरच्या दुकानांत सहसा दिसत नाहीत. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही कवितामाला मुळातच इंग्रजीत असल्याने माझी पहिली खरी शिफारस तीच ठरली. ती वाचून आमच्या हिशेबनीसांनी ‘नो बॅड’ असा शेरा दिला. ‘वाईट नाही’ एवढाच अर्थ घेऊन मी हिरमुसले. स्कॉटिश माणसाच्या तोंडी ही भरघोस स्तुती असते, हे नंतर कळले. वास्तविक, ‘बरं आहे’ म्हणून उत्तम जेवणाची पावती देणाऱ्या आजोबांच्या घरात मी वाढले आहे, तेव्हा मला ते लगेच उमजायला हवे होते. याच गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने ग्रँट डफचा १८२६ सालचा मराठ्यांचा इतिहास मला सुचवला, कारण तो त्यांच्या मुलखातला, बॅन्फचा. त्या ग्रंथावर नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत कठोर टीका लिहिली होती, हे मी त्यांना चहाचा दुसरा कप झाल्यावर सांगितले.

मला मिळालेल्या शिफारशींतली सर्वांत मोलाची म्हणजे नॅन शेपर्डचे ‘द लिव्हिंग माउंटन’. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म पर्वतराजीवरचे हे लहानसे पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात लिहून झाले, पण छापले गेले थेट १९७७ साली. शिखर सर करण्यापेक्षा डोंगराच्या आत आत जाण्याची तिची ओढ वाचताना मला सारखा सह्याद्री आठवत होता. २०१६ पासून येथील एका बँकेच्या पाच पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र आहे. म्हणजे लेखिका महिनोन् महिने माझ्या पाकिटात होती आणि मी तिला देऊन कॉफी घेत होते.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून परतताना मी शांता गोखले यांनी इंग्रजीत आणलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ बॅगेत घातली. ती मला आमच्या ग्रंथपालबाईंना द्यायची होती. त्या स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटावरच्या, घरी गॅलिक ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या आणि अतिशय मितभाषी. लक्ष्मीबाईंचा मिश्किलपणा त्यांना रुचेल, एवढाच माझा अंदाज होता. पुढच्या गुरुवारी त्या पुस्तक उघडूनच टेबलाशी आल्या. वडिलांच्या सोवळ्यापायी लक्ष्मीबाईंच्या माहेरी मीठसुद्धा धुतले जाई, ते पान त्यांनी मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, “आमच्या आजीकडे रविवारचे बटाटे शनिवारी रात्रीच सोलून ठेवत.” मग अर्धा तास त्याच बोलत होत्या. लुईसवर रविवार म्हणजे देवाचा वार. पाणी आदल्या दिवशी भरायचे, दोरीवर कपडे दिसता कामा नयेत, मुलांच्या बागेतले झोकेसुद्धा बांधून ठेवायचे. बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदराला रविवारची फेरीबोट २००९ साली सुरू झाली, तेव्हाही मोठा वाद झाला होता. नियमांवर हसताना नियम पाळणाऱ्या माणसांवरची माया कमी होऊ न देणे लक्ष्मीबाईंना कसे साधले, हे त्या अर्ध्या तासात मला लक्ष्मीबाईंनाच अनेकदा विचारावेसे वाटले. मी मूळ मराठीतली दोन पाने वाचून दाखवली. कोणाला शब्द कळला नाही, पण वाक्य कोठे थांबून हसते ते ग्रंथपालबाईंनी बरोबर ओळखले.

माझी प्रत अद्याप परत आलेली नाही. ती आता बोटीने लुईसला, त्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या मावशीकडे गेली आहे, आणि स्वागतकक्षातल्या मुलीने पुढचा नंबर लावून ठेवला आहे. मावशींना घाई करू नये, अशी मला तंबी मिळाली आहे. त्या रविवारी ‘बायबल’शिवाय काही वाचत नाहीत.